मागच्या टाकीवर पाणी सोडले

१

सकाळी साडेनऊला मागच्या टाकीचं झाकण उचललं. आत साठ हजार लिटर पाणी असायला हवं होतं. आत होती एक मेलेली पाल.

झाकणाभोवती आम्ही पाच जण उभे होतो. मॅनेजर, आचारी, माळीकाका, माझे मामा आणि मी. मॅनेजरने टॉर्च काढून चारी कोपऱ्यांत मारला, जसं काही पाणी अंग चोरून कुठेतरी बसलंय. तळ कोरडा ठणठणीत.

"पण सील तर शाबूत होतं," मॅनेजर म्हणाला. "आत्ता मीच तोडलं."

ते खरं होतं. लाखेचं सील, त्यावर मामांच्या किल्लीचा ठसा, मागच्या पावसाळ्यात लावलेलं. पुढे उन्हाळाभर कुणी त्याला बोटही लावलं नव्हतं. आणि तरीही टाकी रिकामी.

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात, टँकर मागवा. म्हणून आधीच सांगते. आमच्या गावात पावसाने वेळापत्रकच फाडून टाकलंय. पूर्वी चार महिने पडायचा, आता तेवढाच नऊ-दहा दिवसांत कोसळतो आणि पाठ फिरवतो. यंदा पाणीखात्याने फर्मान काढलं, की एक तारखेपासून नळ चार दिवसांतून एकदा. हॉटेलांना टँकर बंद. ज्या हॉटेलाकडे स्वतःचं पंधरा दिवसांचं राखीव पाणी असेल ते चालू राहील, बाकीच्यांनी पाऊस येईपर्यंत कुलूप लावायचं. आणि तपासणीला पाणीखात्याच्या बाई आज चार वाजता येणार होत्या.

आम्हाला त्याची धास्ती नव्हती, उलट मी तर वाट बघत होते. साठ खोल्यांचं आमचं हॉटेल, पण पाण्याच्या बाबतीत गावात आमचा हात कुणी धरत नाही. एका पाहुण्यामागे दिवसाला एकशे चाळीस लिटर. दुसरीकडे हेच तीनशेच्या वर जातं. माझ्या धुलाईखान्यातलं शेवटच्या खळबळीचं पाणी संडासांना जातं. गरम पाणी यायच्या आधी जे गार पाणी वाहून जातं, त्यासाठी प्रत्येक न्हाणीघरात बादली ठेवलेली असते. पोहण्याचा तलाव पाच वर्षांपूर्वी बंद केला, वर फळ्या ठोकल्या, आता तिथे लोक जेवतात. छपरावर पडणारा थेंब न् थेंब पन्हळीतून टाकीत. हे सगळं ज्याने उभं केलं तो माणूस म्हणजे माझे मामा, इथले मिस्त्री, एकतीस वर्षांपासून. मी त्यांची भाची, धुलाईखान्याची मुकादम. मामा मिस्त्री म्हणून मला सगळे इस्त्री म्हणतात. माझ्या स्वभावाला ते शोभतं असंही म्हणतात, पण माझ्या माघारी.

मॅनेजरने टॉर्च बंद केला आणि मामांकडे वळला. इथे येऊन त्याला दोन वर्षं झालीत. माणूस वाईट नाही, पण गळ्यातला टाय आणि तोंडातलं वाक्य, दोन्ही आधीच बांधून येतो.

"मिस्त्री, कुणाला विकलंत?"

पाणी कुठे गेलं, असं नाही विचारलं त्याने. कुणाला विकलंत, असं विचारलं, आणि तेही आमच्या सगळ्यांसमोर.

मामांनी कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सोडला आणि झाकणावर ठेवला. "वहीत लिहिलंय," ते म्हणाले. "वाचा." आणि फाटकातून निघून गेले. एकतीस वर्षांत ते पाच वाजायच्या आत कधी घरी गेले नव्हते.

२

मामांची वही म्हणजे साधीसुधी चीज नाही. जाड पुठ्ठ्याची, लांबट, ऑफिसच्या कपाटात अशा एकोणतीस वह्या आहेत. रोज कोणत्या टाकीत किती पाणी आलं, कुठे गेलं, कुठली चावी गळते, सगळं त्यात. एकोणीस वर्षांपूर्वी मी इथे लागले तेव्हा मामांनी मला ती लिहायला बसवलं होतं. पहिल्याच आठवड्यात मी एका शब्दाचं शेपूट चुकवलं, तर पानच फाडायला लावलं. "एका अक्षरात टाकी बुडवलीस," म्हणाले. मी रडले होते. नंतर मी वही सोडली आणि चादरी धरल्या, पण मामांचं अक्षर अजून मी लांबून ओळखते.

मॅनेजरने मागच्या पावसाळ्याचं पान काढलं, बोट ठेवून मोठ्याने वाचलं.

"मागच्या टाकीवर पाणी सोडले. पुढचे पाणी जुन्या जागी. थोरल्यांना कळवले."

त्याने वही मिटली. "घ्या. कबुलीजबाब. पुढच्या टाकीचं पाणी होतं तिथेच ठेवलं आणि मागच्या टाकीवर सोडलं. टाकीवर पाइप लावून पाणी सोडून दिलं, दुसरं काय? टँकरवाल्याला असंच देतात."

पुढची टाकी म्हणजे फाटकाजवळची, नळाच्या पाण्याची, रोजच्या वापराची. ती होती तिथेच होती, अर्धी भरलेली. त्यामुळे वाचलेलं खोटं वाटत नव्हतं. खरं सांगते, माझ्याही डोक्यात दुसरं काही आलं नाही. रोज पाणी सोडणारी माणसं आम्ही. आमच्याकडे पाणी सोडणं म्हणजे चावी उघडणं.

"आणि थोरल्यांना खरंच कळवलं असेल तर?" मी विचारलं. थोरले म्हणजे आमचे मालक.

"थोरले हिवाळ्यात गेले. गेलेल्या माणसाची साक्ष काढणं सोपं असतं."

माझं डोकं सणकलं. "साहेब, गेल्या वर्षी राखीव पाणी दिसतंय म्हटल्यावर दारातलं कारंजं आठ दिवस कुणी उडवलं होतं? मिस्त्रींनी की तुम्ही?"

तो लाल झाला, पण आवाज चढवला नाही. "ती माझी चूक होती. ही चोरी आहे. राखीव पाणी विकणं गुन्हा आहे, इस्त्रीबाई. चार वाजता पाणीखात्याच्या बाई आल्या की ही वही मी त्यांच्या हातात देणार. हॉटेल तर बंद होईलच. मिस्त्रींचं काय करायचं ते त्या आणि पोलीस बघतील."

"चारपर्यंत वेळ आहे ना?"

"आहे."

"मग वही सध्या माझ्याकडे राहू दे. आणि तो टॉर्चही."

त्याने दोन्ही दिलं. बहुतेक मी तिथून जावं म्हणून.

३

मी शिडी लावून टाकीत उतरले. आचारी वरून म्हणाला, "अगं, पाय घसरेल." कोरड्या टाकीत पाय कसा घसरेल ते त्याने सांगितलं नाही.

चोर शोधायची विद्या मला येत नाही. डाग शोधायची येते. इतकी वर्षं चादरी धुतल्यावर मला एवढं कळलंय, की पाणी कुठेही थांबलं तरी जाताना आपली रेघ मागे सोडतं. क्षाराची पांढुरकी, गढूळ असेल तर तपकिरी.

दर पावसाळ्याआधी मामा टाकीला आतून चुना लावतात. तो चुना चारी भिंतींवर पांढराशुभ्र होता. साठ हजार लिटर पाणी आठ महिने तिथे उभं राहिलं असतं तर माझ्या गळ्यापर्यंत रेघ दिसली असती. मी टॉर्च घेऊन चारी बाजूंनी फिरले. रेघ होती. घोट्याएवढी, एकच, मातकट.

मी तिथेच बसले. म्हणजे या टाकीतलं पाणी कुणी चोरलं नव्हतं. ते या टाकीत कधी साठलंच नव्हतं.

सील बघून टाकी भरलेली आहे, असं आम्हीच धरून चाललो होतो. मामांनी तसं कधी म्हटलं नव्हतं. सील म्हणजे बंद, एवढंच.

मग छपरावरचं पाणी गेलं कुठे? कुठेतरी पाणी मुरत होतं, शब्दशः. मी तळ हाताने चाचपायला लागले. मागच्या भिंतीच्या पायथ्याशी चुन्याला एक बारीक चीर होती आणि चिरेतून काहीतरी बाहेर आलं होतं. बोटाएवढं जाड, तपकिरी, केसाळ. मी ओढलं, तर ते हललं नाही.

ते झाडाचं मूळ होतं.

४

टाकीच्या मागे, कुंपणाला लागून, एकच झाड आहे. गावात सगळी पानं करपलेली, आणि हे बापडं हिरवंगार. माळीकाका त्याच्या सावलीत बसून विळ्याला धार लावत होते. तो विळा सकाळपासून धारदारच होता.

"काका, झाड छान आहे."

"आहे," ते म्हणाले आणि धार लावत राहिले.

"पाणी कुठलं मिळतं त्याला?"

"भाज्या धुतलेलं. आचारी देतो. विचार हवं तर."

"एवढं हिरवं भाज्यांच्या पाण्यावर?"

विळा थांबला. माळीकाका माझ्या वडिलांच्या वयाचे. त्यांना असं कोंडीत पकडायला मला बरं वाटत नव्हतं, पण घड्याळात साडेबारा झाले होते. मी म्हटलं, "काका, मी टाकीत उतरून आलेय. मूळ बघितलंय. मामांना चोर ठरवतायत, आणि तुम्ही सकाळी तिथे उभे राहून गप्प बसलात."

त्यांचा चेहरा उतरला. "माझी मुलगी जन्मली तेव्हा लावलंय," ते हळूच म्हणाले. "ती दूर गेली दिल्या घरी. वर्षातून एकदा येते, आधी झाडाला हात लावते, मग मला. पहिल्या दिवशी पाऊस पडला आणि दुसऱ्या दिवशी टाकीत घोटाभर पाणी. मिस्त्रींनी उतरून बघितलं. वर आले. मी म्हटलं, मूळ तोडायचं म्हणजे झाड जाईल. मी कुऱ्हाड आणतो, तुम्ही सांगाल तसं. त्यांनी विचारलं, किती वर्षांचं? मी म्हटलं, पोरीच्या वयाचं. सव्वीस. ते म्हणाले, बरं. आणि गेले."

"पुढे?"

"पुढे काही नाही. चार दिवसांनी सील लावलेलं दिसलं. मी समजलो, चीर बुजवली, टाकी भरली. आज झाकण उघडलं तेव्हा माझ्या तोंडचं पाणीच पळालं. मी बोललो असतो तर झाड तोडा म्हणाले असते. बोललो नाही, तर मिस्त्री गेले." त्यांनी विळा बाजूला ठेवला. "चल, मी मॅनेजरला सांगतो. तोडू दे झाड."

"थांबा," मी म्हटलं. "टाकी फुटली एवढं सांगून भागणार नाही. तो म्हणेल, मग पाणी कुठाय? फुटकी टाकी भरलेली दाखवली, म्हणजे दुप्पट लबाडी."

आणि तो म्हणाला असता, कारण मीही तेच विचारत होते. नऊ दिवस कोसळलेला पाऊस, हॉटेलाचं एवढं मोठं छप्पर. मामांनी ते गटारात जाऊ दिलं असतं? सूर्य पश्चिमेला उगवेल एकवेळ.

५

मामांचं घर दहा मिनिटांवर आहे. ते खिडकीपाशी बसून नळाचा एक जुना वॉशर कातरत होते. मामी स्वयंपाकघराच्या दारातून मला डोळ्यांनीच म्हणाली, जेवलेले नाहीत.

"मामा, टाकी फुटलीये. मला कळलं."

"बरं."

"मग सांगितलं का नाहीत त्याला?"

"त्याने विचारलं कुठे? त्याने विचारलं, कुणाला विकलं. विकलं असतं तर सांगितलं असतं." त्यांनी वॉशर उजेडात धरून बघितला. "पाणी कुठाय, एवढे दोन शब्द विचारले असते तर हाताला धरून दाखवलं असतं. एकतीस वर्षं, इस्त्री. त्याला दोन शब्द जड झाले."

"मग मी विचारते. पाणी कुठाय?"

मामांनी माझ्याकडे बघितलं. रागावले नव्हते, पण त्यांचं मन दुखावलं होतं. आणि ते माझ्यामुळेही, हे मला त्याच क्षणी कळलं.

"वही वाचलीस?"

"वाचली."

"तू?"

"मी. तीन वेळा."

"वाचली असतीस तर इथे आली नसतीस," ते म्हणाले. "तुला मी शिकवलंय. जा. वाच."

मामी मध्ये पडली. "अहो, पोरगी तुमच्यासाठीच वणवण करतेय ना? सांगा की सरळ."

"सरळच लिहिलंय," मामा म्हणाले आणि वॉशरकडे वळले. आमच्या घराण्यात ताठा पुरुषांकडून येतो आणि तोंड बायकांकडून. माझ्या वाट्याला दोन्ही आलंय, पण त्या वेळी ताठा जिंकला आणि मी उठले.

६

रस्त्याने चालता चालता मी वही उघडून वाचत होते. एका सायकलवाल्याने माझ्या सात पिढ्यांची विचारपूस केली, पण मला ती ऐकू आली नाही.

मी त्या तीन वाक्यांच्या आधीचं पान वाचलं. पुढच्या टाकीत पाणी सोडले. मग त्याच्या आधीचं. वरच्या टाकीत पाणी सोडले. धुलाईच्या टाकीत पाणी सोडले. टाकीत, टाकीत, टाकीत. मी चालतानाच पानं उलटत गेले. अख्खी वही, रोजच्या दोन ओळी, सगळीकडे टाकीत. आणि या एका दिवशी, टाकीवर.

मी रस्त्याच्या मधोमध थांबले.

एकोणीस वर्षांपूर्वी मी जे शेपूट चुकवलं होतं ते हेच. मी लिहिलं होतं, वरच्या टाकीवर पाणी सोडले. मामा म्हणाले होते, "टाकीत पाणी सोडलं म्हणजे टाकी भरली. टाकीवर पाणी सोडलं म्हणजे टाकी गेली, तिची आशा सोडली. एका अक्षरात टाकी बुडवलीस." मी फक्त रडणं लक्षात ठेवलं आणि धडा विसरले.

मामांनी टाकीतून पाणी सोडलं नव्हतं. त्यांनी टाकीवरच पाणी सोडलं होतं. माळीकाकांच्या पोरीच्या झाडासाठी चांगली बांधलेली टाकी देऊन टाकली आणि एका ओळीत लिहून मोकळे झाले. मॅनेजर वाचतो मशिनसोबत येणाऱ्या सूचनांच्या कागदासारखं, त्याचं जाऊ दे. पण मी?

मग पुढची ओळही तशीच असणार. पुढचे पाणी जुन्या जागी. पुढचे म्हणजे पुढच्या टाकीचं नव्हे, तर यापुढे येणारं. यापुढे जे पाणी येईल ते जुन्या जागी.

कुठली जुनी जागा?

दोन वाजून गेले होते. हॉटेलात शिरले ती थेट जेवणघराकडे, जुन्या जागेचं आचाऱ्याला विचारायला. दार ढकललं, ते उघडेना. खांदा लावला तेव्हा कुरकुरत हललं.

"अगं, दमाने," आचारी आतून म्हणाला. "पावसाळ्यापासून हे दार असंच नाटक करतंय. सुताराने दोनदा तासलं. पुन्हा फुगतं."

"फुगतं?"

"फुगतं. बाकी सगळ्या हॉटेलातली दारं आक्रसून खुळखुळतायत, आणि याला मात्र बाळसं धरलंय. आणि आणखी गंमत सांगू? पूर्वी वाढपी आला की मला भटारखान्यात आधी कळायचं. फळ्या ढोलासारख्या वाजायच्या. आता मेले मांजरासारखे येतात, मागे उभे राहून 'दोन सूप' म्हणतात आणि माझ्या हातातला झारा पडतो."

"कधीपासून?"

"ते पण पावसाळ्यापासूनच." मग त्याला काहीतरी खटकलं. "का गं? अशी काय बघतेस?"

मी चपला काढल्या आणि अनवाणी त्या लाकडी फळ्यांवर उभी राहिले. बाहेर डांबर वितळेल असं ऊन होतं. पायांखाली गार लागत होतं. मी टाचेने ठोकलं. ढोल वाजला नाही. भरलेल्या हंड्यासारखा बद्द आवाज आला.

"काही नाही," मी म्हटलं. "मला तेवढा एक स्क्रूड्रायव्हर दे. आणि जेवायचं काहीतरी बांध, मामा उपाशी आहेत."

७

पाणीखात्याच्या बाई बरोबर चारला आल्या. बारीक चणीच्या, करड्या केसांच्या, हातात खुणा केलेली लाकडी पट्टी. आमचं हॉटेल त्यांचं त्या दिवशीचं अकरावं होतं आणि आधीच्या दहांतली सात त्या बंद करून आल्या होत्या. चेहऱ्यावर त्याचा शीण दिसत होता.

मॅनेजरने त्यांना टाकीकडे वळवलं, तर मी आडवी आले. "बाई, इकडे या. जेवणघरात."

"इस्त्रीबाई, आता चहापाण्याची वेळ नाही," मॅनेजर म्हणाला.

"पाण्याचीच वेळ आहे, साहेब. चला."

जेवणघरातली मधली चार टेबलं मी हलवून ठेवली होती. माळीकाका आणि आचारी दोन बाजूंना उभे होते. मी वही उघडली आणि बाईंच्या पुढे धरली. "यातली ही ओळ मोठ्याने वाचा, आणि सांगा याचा अर्थ काय."

बाईंनी वाचलं. मागच्या टाकीवर पाणी सोडले. त्यांच्या भुवया किंचित वर गेल्या. "टाकीची आशा सोडली, असं दिसतंय. टाकीत असतं तर गोष्ट वेगळी. का, फुटली होती?"

मी मॅनेजरकडे बघितलं. तो वहीकडे बघत होता. मी त्याला टाकीतली घोट्याएवढी रेघ सांगितली, मूळ सांगितलं, दार आणि ढोल सांगितला, आणि पुढचे म्हणजे यापुढचे, तेही सांगितलं. "हॉटेलात पाण्याची जुनी जागा एकच," मी म्हटलं. "जिथे पाच वर्षांपूर्वीपर्यंत लोक पोहत होते. मामांनी पन्हळ फिरवली आणि पाऊस घेतला तलावात. वर फळ्या होत्याच. आपण आठ महिने त्याच्यावर टेबलं मांडून जेवतोय."

"पण मला सांगितलं का नाही?" मॅनेजरने विचारलं.

उत्तर माळीकाकांनी दिलं. "थोरले मिस्त्रींना म्हणाले होते, दिसतं ते पाणी संपतं. माझ्यासमोर म्हणाले होते, त्या कारंज्यानंतर. मला तेव्हा अर्थ लागला नाही."

आचाऱ्याने आणि मी मिळून आठ स्क्रू काढले. दोन फळ्या उचलल्या, खालची ताडपत्री बाजूला केली. थंड हवेचा एक झोत वर आला. आणि खाली, हातभर अंतरावर, पाणी होतं. स्वच्छ, तळातल्या निळ्या फरश्या मोजता येतील इतकं. आमचे पाचही चेहरे त्यात दिसत होते.

मला सांगायला लाज नाही, माझे डोळे भरून आले. ज्या माणसाला सकाळी चोर म्हटलं त्याने आम्हा बेचाळीस जणांची रोजीरोटी आमच्याच पायांखाली झाकून ठेवली होती.

बाईंनी गुडघ्यावर बसून पट्टी बुडवली, बाहेर काढली, खूण वाचली, पाहुण्यांच्या नोंदी मागवल्या आणि कागदावर भागाकार केला. "एका पाहुण्यामागे एकशे चाळीस?" त्यांनी विचारलं. "हा आकडा खरा आहे?"

"धुलाईखान्यापासून सगळं दाखवते," मी म्हटलं. "प्रत्येक बादली दाखवते."

त्यांनी प्रत्येक बादली बघितली. तासाभराने परत आल्या तेव्हा शीण कुठल्या कुठे गेला होता. "पंधरा दिवस हवे होते," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडे वीस निघतात. उद्या मी बंद केलेल्या सातही जणांना इथे घेऊन येणार आहे. त्यांना शिकू दे. तुमच्या मिस्त्रींना तेवढं हजर ठेवा."

मॅनेजर किल्ल्यांचा जुडगा हातात फिरवत उभा होता. "मी माणूस पाठवतो त्यांना बोलवायला."

"माणूस पाठवून ते यायचे नाहीत," मी म्हटलं. "तुम्ही चला."

त्याने टाय सैल केला. "चला," तो म्हणाला.

८

मामा अजून खिडकीपाशीच होते. मॅनेजर दारात उभा राहिला. बांधून आणलेलं वाक्य नव्हतं या वेळी, त्यामुळे त्याला वेळ लागला.

"मिस्त्री, मी विचारलं ते चूक विचारलं. सगळ्यांसमोर विचारलं. उद्या सगळ्यांसमोर माफी मागतो. आज इथे मागतोय." त्याने जुडगा पुढे केला. "किल्ल्या घ्या."

मामांनी किल्ल्यांकडे बघितलं, पण हात पुढे केला नाही. "त्या किल्ल्यांवर मी पाणी सोडलं."

मॅनेजरने माझ्याकडे बघितलं. मी आढ्याकडे बघितलं. त्याचं त्यालाच सोडवू दे म्हटलं.

"म्हणजे," तो सावकाश म्हणाला, "किल्ल्यांवर. किल्ल्या सोडल्यात. परत घेणार नाही."

"शिकताय," मामा म्हणाले. "रुसून नाही सोडल्या. गुडघे टाकीत उतरत नाहीत आता. वर्षभर बघत होतो, द्यायच्या कुणाला. ज्याला वही वाचता येते त्याच्याच हातात त्या शोभतात." त्यांनी हनुवटीने माझ्याकडे खूण केली. "हिला द्या. वेळ लावला हिने, पण वाचली. मी येत जाईन सकाळी, उद्या त्या सात जणांनाही दाखवीन. पण नोंद हिने करायची."

किल्ल्या माझ्या हातात आल्या. वाटल्या होत्या त्याहून जड निघाल्या. माझी धुलाईखान्यातली दुसरी बाई आता मुकादम होणार, हा विचारही मनात येऊन गेला, आणि ती चादरींच्या घड्या कशा घालते तोही.

मामी म्हणाली, "आता तरी जेवा." मामा म्हणाले, "आधी वही."

मी तिथेच, त्यांच्या खिडकीच्या उजेडात, वही मांडीवर घेतली. एकोणीस वर्षांनी. लिहिलं ते असं:

"जुन्या तलावात अठ्ठावन्न हजार लिटर. पाणीखात्याने मोजले, पसंत केले. मागच्या टाकीमागचे झाड ठेवले. मिस्त्रींनी किल्ल्यांवर पाणी सोडले. उद्यापासून टाक्यांत पाणी सोडणे माझ्याकडे."

मामांनी वही उजेडात धरली. एकदा वाचली. मग बोट ठेवून प्रत्येक शब्दाचं शेपूट तपासत पुन्हा वाचली. मॅनेजर उभाच होता, आणि मी बघितलं, तोही मामांच्या बोटामागून वाचत होता.

"बरोबर आहे," मामा म्हणाले, आणि हात धुवायला उठले.